खांबाशी अडीच पावलं

पहाटे 4:45

गजर वाजायच्या आधीच जाग येते. नोव्हेंबरात बालाघाटावरून उतरणारं वारं अंगाला झोंबतं, पण अंघोळीचं पाणी तापेपर्यंत थांबलं तर मैदान भिजवायला उशीर होतो. तोंडावर पाणी मारायचं, घोटभर चहा घ्यायचा, स्वेटर चढवायचा, स्कूटी काढायची. सासूबाई पांघरुणातूनच विचारतात, "मिळाली का गं दुसरी?" पंधरा दिवस झाले, त्यांचा रोजचा हाच प्रश्न. "अजून नाही, आई," म्हणते आणि कडी लावून निघते.

दुसरी म्हणजे खांब मारणारी दुसरी पोरगी. बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या एका शाळेत मी क्रीडाशिक्षिका आहे आणि 17 वर्षांखालच्या मुलींचा खो-खो संघ माझ्याकडे आहे. यंदा आम्ही जिल्ह्यात पहिले आलो. विभागीय स्पर्धा नऊ दिवसांवर आली आहे. आणि जिच्या हातानं जिल्हा जिंकला, ती पोरगी दिवाळी झाल्यावर आईबापाबरोबर ट्रकमध्ये बसून कोल्हापूरकडच्या ऊसतोडीच्या फडावर गेली. पोरींची नावं इथं लिहीत नाही. मैदानावर आम्ही तिला 'खांबवाली' म्हणायचो, तेच पुरे.

पहाटे 5:20

मैदान मुरमाचं. त्यावर काळ्या मातीचा एक थर आम्हीच टाकला, पोरींनी घमेली वाहिली. रोज पाणी मारलं तर ते बसतं, नाहीतर गुडघे सोलून निघतात. संघातल्या दोघी माझ्या आधी येऊन पाइप जोडून ठेवतात. मी टॉर्च घेऊन आधी दोन्ही खांब तपासते. कुठं फाट उठली असेल तर काचकागदानं घासते, कारण खांबाला मिठी मारायची असते आणि एक कुसळ दंडात गेलं की आठवडा वाया जातो.

पूर्वेकडच्या खांबाला, जमिनीपासून हात-दीड हातावर, एक पट्टा गुळगुळीत झाला आहे. टॉर्चच्या उजेडात तो तेलाचा हात फिरवल्यासारखा चमकतो. तीन वर्षं एकाच दंडानं तिथं घासून घासून लाकूड उजळलं. खांब सगळा 120 सेंटिमीटर उंचीचा, म्हणजे आमच्या पोरींच्या छातीपर्यंत, आणि तिची जागा एवढी खाली. इतक्या खालून का धरायची, हे मी तिला तीन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. ती गडी टिपत होती, मी गुण मोजत होते.

सकाळी 6

सराव सुरू. खांबाचं महत्त्व खो-खो खेळलेल्याला सांगावं लागत नाही, पण नुसतं बघितलेल्यासाठी थोडं सांगते. आठजणी मधल्या पाटीवर चौकांत बसलेल्या, एकीचं तोंड इकडं तर शेजारणीचं तिकडं. नववी पाठलाग करते. तिला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागं फिरता येत नाही. पळणारीला मात्र सगळं मैदान मोकळं. ती दोघींच्या मधून नागमोडी जाईल, हुलकावणी देईल, आणि दम लागला की खांबाचा आसरा धरील. पाठलाग करणारी अलीकडं, ती पलीकडं. खांबाला वळसा घालून पोचेपर्यंत ती पुन्हा या बाजूला. तिथं एकच उपाय चालतो. खांबाला एका दंडाचा विळखा घालायचा, अंग आडवं फेकायचं आणि दुसऱ्या हातानं पलीकडच्या गड्याला स्पर्श करायचा. डोळ्याचं पातं लवायच्या आत व्हायला पाहिजे.

अल्टिमेट खो-खो ही व्यावसायिक लीग 2022 साली सुरू झाली, तेव्हा सूर मारून टिपलेल्या गड्याला नुसत्या स्पर्शापेक्षा जास्त गुण ठेवले होते. मला ते पटलं. बास्केटबॉलमध्ये लांबून टाकलेल्या चेंडूला दोनाऐवजी तीन गुण देतात, त्यातलीच ही गोष्ट. जे अवघड आहे आणि थोड्यांनाच जमतं, त्याचं मोल वेगळं धरावं. शालेय स्पर्धेत आम्हाला जादा गुण नाही मिळत, पण खांबावर एक गडी गेला की पळणाऱ्या पोरी खांबाकडं फिरकायला घाबरतात आणि मैदान निम्मं होतं. आमच्या खांबवालीनं टिपलेल्या गड्यांपेक्षा तिच्या धाकानं मधे सापडलेले गडी जास्त होते.

तिच्या जागी मी नववीतली एक पोरगी घेतली आहे. संघात सगळ्यांत उंच, हात लांब, मन लावून करणारी. खांबाला मी गोणपाट गुंडाळलंय, त्यावर सायकलची जुनी ट्यूब. ती धावत येते, नजर पलीकडच्या गड्यावर, लांबून खांबाला हात घालते, आणि अंगाचा सगळा वेग त्या हातावर येतो. पाय सुटतात. कधी ती खांबाभोवती भोवऱ्यासारखी फिरते, कधी बरगडी आपटते. आज पाचव्या वेळी हनुवटी लागली. रडली नाही. ओठ दाबून परत रांगेत जाऊन उभी राहिली. मीच थांबवलं.

"मॅडम, अजून एकदा करते ना."

"आता नको. संध्याकाळी."

सकाळी 7:45

पोरी घराकडं पांगतात. कुणाला धार काढायची, कुणाला धाकट्यांची तयारी करायची, कुणाला पाणी भरायचं. एकीनं पिशवीतून सीताफळं आणली होती, हंगामाची शेवटची. बांधावर बसून खाल्ली. उंच पोरगी हनुवटीला ओला रुमाल लावून बसली होती. बिया थुंकता थुंकता ती म्हणाली, "ती असती तर आता मला लई हसली असती." आणि सगळ्याच एकदम गप्प झाल्या.

सकाळी 10:30

परिपाठ, हजेरी, आठवीचा तास. मग कार्यालयात बसून विभागीय स्पर्धेची यादी करायची. संघात बाराजणी. अकरा नावं लिहून झाली आणि पेन थांबलं.

खांबवाली गेली ते का गेली, हे मला नीट माहीत आहे, कारण मी तिच्या घरी चार वेळा जाऊन बसले होते. सप्टेंबरातल्या पावसानं सोयाबीन शेतातच कुजलं. यंदा घरी राहायचं ठरलेलं असूनही बापानं मुकादमाकडून उचल घेतली. आईच्या पदरात चार महिन्यांचं बाळ. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघं ऊस तोडणार, मोळ्या बांधणार, तर बाळाला फडाजवळच्या कोपीवर कुणी बघायचं? मी हंगामी वसतिगृहाचं सांगितलं, माझ्या घरी ठेवते म्हणाले. बाप ऐकून घेत होता. आई शेवटी म्हणाली, "मॅडम, तुमचं समदं खरं हाय. पर लेकरू कुणाच्या मांडीवर ठिवू?" त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. शिक्षण हमी कार्ड तेवढं माझ्या हातानं भरून दिलं, म्हणजे तिकडं फडाजवळच्या शाळेत तिला बसता येईल. यंदा, 2025 साली, 17 सप्टेंबरला बीडहून पहिली प्रवासी रेल्वे सुटली, आमच्या पोरींनी त्या दिवशी मोबाइलवर पुन्हापुन्हा ती गाडी बघितली. तरी ऊसतोडीच्या टोळ्या दरसालच्या ट्रकनंच गेल्या.

बारावं नाव रिकामं ठेवून मी फाइल मिटली. अजून दोन दिवस मुदत आहे.

दुपारी 1:15

पोषण आहाराची खिचडी वाढून झाली की शिक्षकांचा डबा. गणिताचे सर बास्केटबॉलवेडे आहेत. अमेरिकेतले सामने मोबाइलवर बघतात, आकडे तोंडपाठ. मी दोन घास खाल्ले आणि त्यांना सरळ विचारलं, "सर, तुमच्याकडं असा एखादा खास नेमबाज संघ सोडून गेला तर काय करतात?"

त्यांनी डबा बाजूला सारला. गोल्डन स्टेट वॉरियर्स हा संघ, त्यातला क्ले थॉम्पसन. 2011 पासून त्या एकाच संघाकडं. 2015, 2017, 2018 आणि 2022 अशी चार विजेतेपदं. 2018 मध्ये एका सामन्यात तीन गुणांच्या रेषेबाहेरून 14 वेळा चेंडू बास्केटमध्ये टाकला. ती रेषा आंतरराष्ट्रीय सामन्यात बास्केटपासून 6.75 मीटरवर असते, त्यांच्या लीगमध्ये त्याहून लांब, समोरून 7.24 मीटरवर. 2024 च्या जुलैमध्ये तो डॅलसला गेला.

"मग?"

"मग एकाच्या जागी तिघं आणले. बडी हील्ड, डी'अँथनी मेल्टन, काइल अँडरसन. हील्ड चांगला नेमबाज. मेल्टनचा गुडघा हंगाम सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत गेला. संघ अडखळत राहिला."

"म्हणजे भागलं नाही."

"ऐका तर. फेब्रुवारी 2025 मध्ये त्यांनी जिमी बटलरला घेतलं. तो लांबून टाकणारा नाहीच, मॅडम. तो आत घुसतो, चार जणांना अंगावर घेतो. त्यामुळं बाहेर स्टीफन करीला जागा मिळायला लागली. संघ एकदम सुधारला, पहिल्या फेरीत ह्यूस्टनला हरवलं."

मी त्यांना परत सांगायला लावलं. जो आला त्याला गेलेल्याचं काम येतच नव्हतं. तो आल्यावर बाकीच्यांच्या जागा बदलल्या आणि त्यातून गेलेल्याचं काम थोडं थोडं सगळ्यांत वाटलं गेलं. कोट्यवधी डॉलरचा तो खेळ, आणि माझ्याकडं गोणपाट गुंडाळलेला खांब. तरी माझ्या डोक्यात चाक फिरायला लागलं. पंधरा दिवस मी तिच्यासारखीच एक शोधत होते, तिच्या उंचीची, तिच्या हाताची. बाकीच्या सातजणी जिथं बसायच्या तिथंच बसवत होते. जणू मधून एक वीट काढली, तेवढ्याच मापाची दुसरी बसवली की भिंत उभी.

दुपारी 3

सातवीचा खेळाचा तास. यात सांगण्यासारखं काही नाही. दोरीउड्या.

दुपारी 4:40

खांबवालीच्या आईचा फोन कोपीवर तिच्याजवळ असतो, हे मला ठाऊक होतं. आधी एक-दोनदा लावला होता, पण ख्यालीखुशालीसाठी. आज पोरी मैदानावर गोळा झाल्यावर मी सगळ्यांदेखत लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडं बाळ रडत होतं, लांब ट्रॅक्टरचा आवाज.

"मॅडम! जिल्ह्याचं प्रमाणपत्र आलं का माझं?"

"आलंय. जपून ठेवलंय. तुला एक विचारायचंय. खांब तू इतक्या खालून का धरायचीस?"

थोडा वेळ नुसतं बाळाचं कुरकुरणं. मग म्हणाली, "म्या धरत न्हाई मॅडम. पाय बसल्यावर हात तिथंच येतो."

"म्हणजे?"

"हात पहिला न्हाई घालायचा. पाय पहिला. खांबाकडचा पाय पार बुडाशी. तो बसला का आंग आपोआप खाली येतं, मग हात खालीच लागतो."

"आणि गड्याकडं कधी बघतेस?"

"गड्याकडं कामून बघायचं? त्याचा पाय वाजतो की. म्या बुडाकडं बघते. अडीच पावलं मोजायची. दोन मोठी अन् एक अर्ध."

उंच पोरगी माझ्या खांद्यावरून फोनवर वाकली होती. तिनं विचारलं, "तुला कुणी शिकवलं गं हे?"

"कुणी न्हाई. टायरगाडी चालू असली का तिच्यावर चढायचं असतंय. हातानं लोंबकळलं तर मानूस फरफटतंय. पाय कुठं ठिवायचा ते आधी बघावं लागतंय. ल्हानपणापासून तसंच."

मी फोन हातात धरून तशीच उभी राहिले. आमचं जिल्ह्याचं अजिंक्यपद तिनं फडावर कमावलं होतं, सात-आठ वर्षांची असताना, उसानं भरलेल्या चालत्या गाडीवर चढताना. तिला नेलं तेही फडानंच. मला त्या क्षणी अभिमान वाटला आणि पोटात तुटलंही, दोन्ही एकदम. बाळ मोठ्यानं रडायला लागलं तशी ती "ठिवते मॅडम" म्हणाली आणि फोन बंद झाला.

संध्याकाळी 5

खांबावरचं गोणपाट मी काढून टाकलं. त्यानं बूडच झाकलं होतं. खांबाच्या बुडाशी फक्कीनं एक वेटोळं काढलं, तिथून मागं अर्ध्या पावलावर एक रेघ, मग दोन मोठ्या पावलांच्या दोन रेघा. उंच पोरीला आधी चालत करायला लावलं. मोठं, मोठं, अर्ध. तिची अडचण आता डोळ्यांसमोर आली. तिचं पाऊलच एवढं लांब की शेवटचं अर्ध पाऊल तिला आखडता येत नव्हतं. वेग धरला की ती रेघ सोडून पुढं.

आठवीतली एक बारकी पोरगी चौथ्या चौकात बसते. बोलत नाही, खो मात्र खणखणीत देते. ती बाजूला आपल्याशीच पुटपुटत होती, "येक, दोन, अर्ध. येक, दोन, अर्ध." हातात काही नाही, समोर काही नाही, नुसते पाय. मी म्हणाले, "ये, तू कर."

पहिल्या वेळी पाय बुडाशी बसला, हात घालायला विसरली आणि पलीकडं मातीत जाऊन पडली. सगळ्या हसल्या, तीही हसली. दुसऱ्या वेळी पाय बसला, अंग खाली झुकलं, दंड बरोबर त्या गुळगुळीत पट्ट्यावर जाऊन लागला. ठप्प असा आवाज झाला. तो आवाज आम्ही सगळ्या ओळखत होतो. पंधरा दिवसांत तो ऐकला नव्हता. पोरी टाळ्या वाजवायच्या विसरल्या.

हात मात्र पोचत नाही. वीतभर कमी पडतो. खांबवालीचा हात पलीकडच्या गड्याच्या पाठीवर पडायचा, हिचा हवेत. वीतभर उंची नऊ दिवसांत वाढत नाही.

मग मी बसण्याच्या जागा मोडल्या. बारकीला चौथ्यातून काढून पूर्वेच्या खांबाजवळच्या शेवटच्या चौकात बसवलं. उंच पोरीला मधे घेतलं, कारण तिचं लांब पाऊल मैदान खातं. तिच्यापुढं गडी मधे रेंगाळूच शकत नाही, त्याला खांबाकडं जावंच लागतं. पश्चिमेचा खांब कर्णधार सांभाळते, ते तसंच ठेवलं. आणि सातव्या चौकातल्या पोरीला सांगितलं, खो लगेच द्यायचा नाही. लेट खो. गडी खांबाला अगदी चिकटेपर्यंत दामटत न्यायचा. गडी खांबापासून लांब फिरायला लागला तर बारकीचा हात पोचणार नाही. तो चिकटला तर वीतभर अंतर आपोआप भरून निघेल.

सात वेळा केलं. चार वेळा खो लवकर गेला, गडी निसटला. एकदा खो इतका उशिरा दिला की गडी वळसा घालून मोकळा. दोनदा बारकीचं बोट गड्याच्या कोपराला लागलं. दोनदाच. पळणारी आमचीच, आणि थकलेलीसुद्धा. विभागीयला जालना-परभणीच्या पोरी एवढी दया दाखवणार नाहीत. तरी आजच्या दिवसाचं हे मला पुष्कळ वाटलं.

उंच पोरीकडं मी जरा भीतभीतच बघत होते. पंधरा दिवस बरगड्या शेकून घेतल्या आणि जागा दुसरीला गेली. तिनं बारकीचा दंड धरून उलटसुलट करून बघितला. लाल झाला होता. "तेल लाव घरी गेल्यावर," म्हणाली, "नाहीतर उद्या हात वर व्हायचा नाही." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "मॅडम, मधे मला बरं वाटतंय. खांबाची मला लई भीती वाटायची." हे तिनं पंधरा दिवस सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. दोघी पोरींना एकेक प्रश्न वेळेवर विचारला असता तर हे दिवस वाचले असते, हे मी मनाशी लिहून ठेवलं.

संध्याकाळी 6:45

अंधार पडला. बारकीचं घर वस्तीवर, दोन किलोमीटर आत. तिला स्कूटीवर सोडायला गेले. वाटेत एकदम म्हणाली, "प्रियांकाताई पण अशाच बारक्या होत्या का?"

प्रियांका इंगळे. मूळ गाव कळंबअंबा, आमच्याच केज तालुक्यातलं. त्यांचा खेळ घडला पुण्याकडं, पण आमच्या पोरी त्यांना गावचीच ताई मानतात. पहिल्या खो-खो विश्वचषकाचा अंतिम सामना 19 जानेवारी 2025 ला दिल्लीत झाला, रविवार होता. मी शाळेची डिजिटल वर्गखोली उघडून सगळ्यांना बसवलं होतं. भारताच्या मुलींनी नेपाळला 78-40 असं हरवलं आणि चषक घ्यायला कर्णधार म्हणून प्रियांका पुढं झाल्या, तेव्हा खोलीत कानठळ्या बसतील एवढा कल्ला झाला. सगळ्यांत मोठ्यानं ओरडली ती खांबवाली. बाकावर उभी होती.

बारकीला मी खरं तेच सांगितलं, की त्या लहानपणी केवढ्या होत्या ते मला माहीत नाही, पण खेळताना त्यांची नजर बघ. घरापाशी तिची आजी कंदील घेऊन उभी होती. तिचेही आईबाप फडावर आहेत. ती आजीजवळ राहते म्हणून संघात आहे. आजीची तब्येत बरी राहो, एवढंच त्या माउलीच्या पाया पडताना मनात आलं.

रात्री 8:30

भाकरी झाली, भांडी झाली. फरशीवर ज्वारीचे आठ दाणे एका ओळीत मांडले, दोन टोकांना दोन काड्या. तुरीचा दाणा म्हणजे पळणारी. सासूबाई कंबर धरत येऊन समोर बसल्या. त्या शाळेत फक्त चौथीपर्यंत गेल्या, पण लहानपणी गावात खो-खो खेळल्या आहेत. मी लेट खो समजावून सांगितला. त्यांनी तुरीचा दाणा उचलला आणि खांबाच्या मागून न नेता सहाव्या-सातव्या दाण्यांमधून पलीकडं काढला. "अन् ही इथून सटकली तर?"

बरोबर होतं. खो उशिरा द्यायचा म्हटल्यावर सातवी लांबपर्यंत पळत जाणार आणि तिच्या मागं ती वाट उघडी पडणार. अर्धा तास आम्ही दोघी दाणे सरकवत बसलो. शेवटी सहाव्या चौकात उंच पोरगी बसवली. ती उठली तर दोन पावलांत ती वाट बंद होते. उद्या पहाटे हे करून बघायचं.

रात्री 9:30

फाइल उघडून बाराव्या ओळीत नाव लिहिलं. संघात आधीपासून राखीव असलेल्या एका मुलीचं. खांबवालीचा फोटो आधीच्या अर्जावर चिकटवलेला होता, तो हलक्या हातानं काढला आणि तिच्या प्रमाणपत्राबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये ती येईल. तिचं वय पुढच्या वर्षीही 17 च्या आत बसतं, जन्मतारीख पुन्हा एकदा बघून घेतली.

रात्री 10:10

दिवा घालवला आणि फोन वाजला. आईच्या फोनवरून आवाजी निरोप. दबक्या आवाजात, बहुतेक बाळ मांडीवर झोपलेलं असावं.

"मॅडम, तिनं केलं का? पाय कुठं बसला?"

मी परत उठून बसले, बटण दाबून धरलं आणि सांगितलं, "बुडाशी."